लिनक्स ज्या चिपवर जन्मले तिलाच त्याने निरोप का दिला? प्रोसेसरच्या ‘सपोर्ट’चा विसरलेला इतिहास

१/ डिसेंबर २०१२. लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे यंत्र आणि बाकीचे सॉफ्टवेअर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या गाभ्यातून, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकण्यात आला. तो बदल पाठवताना इंगो मोल्नार यांनी एक बोचरी नोंद केली होती: १९९१ च्या प्रारंभीचे मूळ ३८६ डीएक्स-३३ यंत्र यापुढे नवे कर्नल चालवू शकणार नाही. रोख कोणाकडे होता हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते यंत्र लिनस टोरवाल्ड्स यांचे होते आणि लिनक्स लिहिले गेले ते त्याच्यावरच. आपण भावनाप्रधान नाही, एवढे सांगून टोरवाल्ड्स यांनी बदल स्वीकारला.

२/ हा प्रसंग बहुधा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. त्यात त्याहून बरेच काही आहे. एखाद्या प्रोसेसरवर एखादी ऑपरेटिंग सिस्टीम ‘चालते’ असे म्हणताना चालणे हा त्या चिपचा गुणधर्म असल्यासारखे बोलले जाते. लिनक्सचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास निराळे सांगतो. चालणे हे कोणीतरी सातत्याने करत राहिलेल्या कामाचे फळ असते. काम थांबले की काही वर्षांत चालणेही थांबते. चिप मात्र तेव्हाही धडधाकट असू शकते.

३/ आधी मूळ कथा. इंटेलने ३८६ ऑक्टोबर १९८५ मध्ये जाहीर केला. २,७५,००० ट्रान्झिस्टर, ३२ बिटांची रचना आणि मेमरीची ‘पानां’मध्ये विभागणी करून प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र जागा देणारी यंत्रणा. या शेवटच्या सोयीमुळे, तोवर महागड्या यंत्रांची मिरास असलेली यूनिक्ससारखी व्यवस्था टेबलावरच्या संगणकावर आणणे शक्य झाले. हेलसिंकी विद्यापीठातील एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जानेवारी १९९१ मध्ये असा संगणक घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जगाला कळवले की आपण हौस म्हणून ३८६ आणि ४८६ च्या संगणकांसाठी एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत. त्याच संदेशात अशीही कबुली होती की ती अन्य यंत्रांवर नेता येणार नाही. ३८६ च्या खास सोयींवर ती उभी आहे.

४/ म्हणजे प्रारंभी लिनक्स आणि ३८६ यांचे नाते सोयीचे नव्हते, देहाचे होते. याच मुद्द्यावर जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबाम यांनी लिनक्सला कालबाह्य ठरवले. त्यांचे आक्षेप दोन होते: गाभ्याची एकसंध रचना आणि एकाच प्रोसेसरशी बांधलेली गाठ. इंटेलच्या या घराण्याचे दिवस भरत आले आहेत, पाच वर्षांत लोक स्पार्कसारख्या यंत्रांवर असतील, असा त्यांचा होरा होता. होरा चुकला. आक्षेप मात्र बरोबर होता, आणि तो खरा मानूनच लिनक्स पुढे वाढले.

५/ मोटोरोला ६८००० घराण्याच्या अमिगा आणि अटारी या घरगुती यंत्रांवर हौशी मंडळींनी लिनक्स लवकरच नेले. निर्णायक वळण मात्र डेक कंपनीच्या अल्फाने दिले. १९९४ मध्ये डेकमधील जॉन हॉल यांनी टोरवाल्ड्स यांना एक अल्फा यंत्र मिळवून दिले. अल्फा ६४ बिटांचा, इंटेलहून सर्वस्वी निराळा. त्याच्यासाठी लिहिताना, गाभ्यातील कोणता भाग सर्व यंत्रांना समान आणि कोणता एका यंत्रापुरता, हा निवाडा करावाच लागला. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स आले. लिनक्स आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत दिसते, त्याची पायाभरणी या वाटणीत आहे.

६/ आता ३८६ चे दुखणे. ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘जुनी चिप हळू असते म्हणून काढतात’ हा सर्वांत रूढ गैरसमज येथेच मोडतो.

एका प्रोग्रॅमपासून दुसरा निर्माण होतो तेव्हा कर्नल सगळी मेमरी लगेच नकलून देत नाही. दोघांना तेच पान दाखवले जाते आणि त्यावर ‘केवळ वाचण्यासाठी’ अशी खूण केली जाते. कोणी लिहायला गेले की प्रोसेसर अडवतो, कर्नलला हाक मारतो, आणि मग त्याला स्वतःची प्रत मिळते. जुन्या दफ्तरखान्यातील कारभार असाच असावा: मूळ कागद दोघांनी पाहावा, बदल करायचा तर आधी नक्कल करून घ्यावी.

३८६ मध्ये या कारभाराला एक छिद्र होते. सामान्य प्रोग्रॅमने लिहायचा प्रयत्न केला तर तो अडवी. परंतु खुद्द कर्नल एखाद्या प्रोग्रॅमच्या वतीने त्या पानावर लिहू लागले, तर तीच खूण तो मुकाट्याने दुर्लक्षी. दफ्तरदाराला कोणी विचारायचे नाही! त्यामुळे प्रत्येक वेळी लिहिण्यापूर्वी, हे पान सामायिक तर नाही ना, याची खातरजमा कर्नललाच करावी लागे. आणि तपासणी व लेखन यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्याच कोणी परिस्थिती बदलली तर? १९८९ च्या ४८६ मध्ये इंटेलने हे छिद्र बुजवले. कर्नलमध्ये मात्र ३८६ साठी ती वेगळी वाट पुढे अनेक वर्षे राखून ठेवावी लागली.

७/ दुसरी उणीव याहून जाचक. मेमरीतील एखादी संख्या अपेक्षित तीच आहे का हे पाहणे आणि असेल तरच ती बदलणे, हे सारे एका दमात, मध्ये कोणालाही शिरकाव न देता करणारी आज्ञा ४८६ मध्ये आली. ३८६ मध्ये ती नाही. एकाहून अधिक प्रोसेसर एकत्र काम करतात तेव्हा कुलपे, गणती, रांगा यांची सारी व्यवस्था अशा आज्ञांवर तोललेली असते. म्हणजे १९८५ च्या एकट्या चिपसाठी २०१२ च्या अनेक-गाभ्यांच्या यंत्रांचा कोड लिहिणाऱ्यांना दर वेळी थांबून विचार करावा लागे: ३८६ वर याचे काय?

८/ किंमत होती ती या थांबण्याची. मोल्नार यांचे गाऱ्हाणेही ओळींच्या संख्येविषयी नव्हते. अनेक प्रोसेसरांच्या समन्वयात काही सुधारायला गेले की या जुन्या गुंतागुंतीमुळे दर वेळी जादा काम पडत होते. जे यंत्र कोणाच्या टेबलावर उरलेले नाही, ज्यावर बदल तपासून पाहणारा कोणी नाही, त्याच्यासाठी लिहिलेला कोड चालतो की नाही हेही कोणाला सांगता येत नाही. असा कोड ‘सपोर्ट’ या नावाखाली ठेवणे ही वापरकर्त्याची फसवणूकच ठरते. म्हणून ३८६ ला काढले हे योग्यच झाले. इंटेलने स्वतः या चिपचे उत्पादन २००७ मध्ये थांबवले होते. लिनक्सने त्याच्यापेक्षा पाच वर्षे अधिक सोबत केली. फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ ही तिच्याविना आलेली पहिली आवृत्ती.

९/ येथवर एखाद्याला वाटेल की नियम सरळ आहे: जुने जाते, नवे राहते. पुढचा इतिहास हा नियम टिकू देत नाही.

१०/ २००१ मध्ये इंटेल आणि एचपी यांनी मोठ्या गाजावाजाने इटॅनियम बाजारात आणला. दोन बलाढ्य कंपन्या १९९४ पासून त्यामागे होत्या. लिनक्स त्यावर नेण्यासाठी अनेक कंपन्या एकत्र आल्या. यंत्र ग्राहकाच्या हाती पडण्याआधी कर्नल तयार होते. इटॅनियमने जुन्या इंटेल घराण्याशी असलेली सलगता जवळजवळ तोडली. कोणत्या आज्ञा एकत्र चालवायच्या हे ठरवण्याचा भार त्याने कंपायलरवर टाकला, आणि जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम त्यावर रखडत चालत. एएमडीने उलट मार्ग धरला. जुन्याच आज्ञावलीला ६४ बिटांपर्यंत ताणले आणि एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला. त्या रचनेवर लिनक्स चिप हाती येण्यापूर्वीच, सिम्युलेटरवर, चालू झाले होते. पुढे इंटेललाही एएमडीचीच वाट धरावी लागली. घरातल्या साध्या लॅपटॉपमध्ये आज जी ६४ बिटांची रचना असते ती मुळात प्रतिस्पर्ध्याची, हे इंटेलच्या इतिहासातील मोठेच शल्य म्हणायचे.

११/ इटॅनियमची अखेरची पाठवणी जुलै २०२१ मध्ये झाली. त्याच वर्षाच्या आरंभी कर्नलमध्ये त्याच्यापुढे ‘अनाथ’ असा शेरा लागला होता. जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत तो नाहीसा झाला. सुमारे ६५,००० ओळी गेल्या. मोठ्या मोठ्या कंपन्यांचे पाठबळ घेऊन आलेली ही चिप कर्नलमध्ये पाव शतकही टिकली नाही.

१२/ आणि मोटोरोला ६८०००? तो १९७९ चा. त्या घराण्यातील ६८०२० आणि त्यापुढच्या, मेमरी-व्यवस्थापनाची सोय असलेल्या चिपांवर लिनक्स आजही चालते. अमिगा, अटारी, जुने मॅकिंटॉश. यामागे कोणतीही बाजारपेठ नाही. काही माणसे आहेत, ज्यांच्याकडे ती यंत्रे आहेत, जी नवी आवृत्ती आली की ती चालवून पाहतात, मोडले तर दुरुस्त करून पाठवतात आणि गाभ्यात सर्वत्र होणाऱ्या बदलांबरोबर आपला कोपरा वेळच्या वेळी बदलून घेतात. १९७९ ची चिप टिकते आणि २००१ ची जाते, याचा उलगडा तंत्रज्ञानाच्या वयात शोधून सापडणार नाही.

१३/ कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती एखाद्या गावच्या कुलकर्ण्याच्या दफ्तराइतकी बोलकी वाटावी. प्रत्येक भागापुढे तो सांभाळणाऱ्याचे नाव आणि एक शेरा. कोणाला या कामाचा पगार मिळत असेल तर एक शेरा. पगाराविना कोणी खरोखर सांभाळत असेल तर दुसरा. जमेल तशी डागडुजी होत असेल तर तिसरा. आणि कोणीच नसेल तर ‘अनाथ’. एखादी चिप किती जगेल हे पाहायचे तर तिचा वेग किंवा खप यांपेक्षा ही ओळ वाचणे अधिक उपयोगाचे.

१४/ याचा सर्वांत ठळक पुरावा २०१८ चा. आर्न्ड बर्गमन यांनी ४.१७ आवृत्तीत एकदम आठ प्रोसेसर-घराणी कर्नलबाहेर काढली. जवळपास पाच लाख ओळी. त्यांत अॅनालॉग डिव्हायसेसचे ब्लॅकफिन होते, अॅक्सिसचे क्रिस होते, फुजित्सूचे एफआरव्ही होते. ही कंगाल कंपन्यांची अपत्ये नव्हेत. प्रत्येकाने कधीकाळी ‘आमच्या चिपवर लिनक्स चालते’ अशी जाहिरात करावी अशीच स्थिती होती. नंतर त्या कंपन्या आर्मसारख्या सामायिक रचनांकडे वळल्या, सांभाळणारे अन्यत्र गेले आणि कोड मागे राहिला.

१५/ २०२४ मध्ये अल्फाच्या पहिल्या पिढ्यांची पाळी आली. त्यांची खोड विलक्षण होती: त्यांना मेमरीत एकटा बाइट लिहिता येत नसे. शेजारच्या बाइटांसह सगळा शब्द उचलायचा, त्यातला एक बदलायचा, पुन्हा सगळा ठेवायचा. तेवढ्यात शेजारचा बाइट दुसऱ्या कोणी बदललेला असेल तर तो बदल पुसला जाई. १९९६ च्या सुमारास अल्फात ती सोय आली, आणि त्यापुढचे अल्फा कर्नलमध्ये राहिले, आधीचे ६.१० आवृत्तीत गेले. ज्या पिढीच्या यंत्राने लिनक्सला एका चिपच्या बंधनातून सोडवले, ती पिढीही अशी बाहेर पडली. २०२५ मध्ये ४८६ आणि आरंभीच्या काही पेंटियमसदृश चिपा काढण्याचा प्रस्ताव मोल्नार यांनीच मांडला. कारण तेच जुने: काही मूलभूत आज्ञांची उणीव आणि तिच्यासाठी वाहावा लागणारा पर्यायी कोड.

१६/ मराठी वाचकाला या सगळ्याची एक ओळखीची तुलना आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर शाबूत आहे. कागद फाटलेला नाही, शाई उडालेली नाही. तरीही त्यातील फार मोठा भाग आजच्या सुशिक्षित मराठी माणसासाठी मुका आहे, कारण तो मोडीत आहे आणि मोडी वाचणारे थोडे. कागदाचे वाचनीय असणे कागदात नसते. ३८६ ची अवस्था तीच आहे. फरक एवढाच की मोडी शिकवणारे वर्ग भरतात म्हणून ती काही अंशी जिवंत आहे.

१७/ येथे एक रास्त आक्षेप येतो. मग मुक्तस्रोत आणि कंपनीच्या मालकीचे सॉफ्टवेअर यांत अंतर काय? दोघेही शेवटी जुने यंत्र सोडतातच. विंडोज ११ ने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य प्रोसेसरांची यादी घालून दिली, आणि सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक सारे इंटेल प्रोसेसर, म्हणजे तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचे असलेलेही, बाहेर राहिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. ‘टाका लिनक्स, ते कोणाला सोडत नाही’ हा सल्ला तेव्हापासून सर्रास दिला जातो.

१८/ सल्ला चांगला आहे. त्यामागचे कारण खोटे आहे. लिनक्स सोडते. फरक सोडण्याच्या रीतीत आहे. ३८६ का काढले, कोणी सुचवले, कोणी विरोध केला, नेमक्या कोणत्या ओळी गेल्या, हे आजही कोणालाही वाचता येते. ज्या आवृत्तीत ती चिप होती ती आवृत्ती उतरवून घेता येते. इटॅनियम गेल्यावर काही हौशी मंडळींनी त्याचा सपोर्ट मुख्य कर्नलबाहेर चालू ठेवला, आणि त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. विंडोजच्या यादीबाबत हे करता येत नाही. यादी एका कंपनीची, कारणे ती सांगेल तेवढीच, आणि वगळलेल्या यंत्राला परत घेण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाकडे नाही.

१९/ व्यवहाराची एक गोष्ट सांगायला हवी. सामान्य माणसाचे यंत्र कर्नल सहसा सोडत नाही. त्याच्या बरेच आधी डिस्ट्रिब्युशन सोडते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. ६४ बिटांचा प्रोसेसर असलेले, दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्र मात्र निश्चिंत असावे. शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेल्या संगणकांवर लिनक्स घालू पाहणाऱ्याने आधी एवढे तपासले तर पुढचा मनस्ताप वाचेल.

२०/ आणि आता हा इतिहास भारताला का भिडतो ते. रिस्क-पाच ही बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेली खुली आज्ञावली. जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत ती लिनक्समध्ये आली. त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पातील चिपवर लिनक्स सुरू झाले. सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेतील प्रोसेसर याच आज्ञावलीवर रचले. स्वदेशी चिपवर लिनक्स चालल्याची बातमी येते तेव्हा ती विजयाची बातमी म्हणून छापली जाते, आणि तो आनंद अस्थानी नाही.

२१/ परंतु पहिल्यांदा चालणे हे ब्लॅकफिनलाही जमले होते, इटॅनियमला तर बाजारात येण्यापूर्वीच जमले होते. खुली आज्ञावली निवडल्यामुळे भारतीय चिपांना एक मोठा लाभ मिळतो: प्रोसेसरचा मूळ भाग जगभरातील माणसे मिळून सांभाळतात, तो एकट्याच्या माथी येत नाही. चिपवरील बाकीचे भाग, म्हणजे घड्याळे, स्मृती-नियंत्रक, नेटवर्क, बोर्डाची वर्णने, हे मात्र ज्याचे त्यालाच पाहावे लागतात. ते मुख्य कर्नलमध्ये गेले नाहीत आणि एखाद्या जुन्या आवृत्तीच्या खासगी प्रतीत अडकून राहिले, तर पाच वर्षांनी त्या बोर्डावर सुरक्षेची दुरुस्ती पोहोचवणे दुरापास्त होते.

२२/ म्हणून चिपच्या आराखड्याला आणि निर्मितीला जो निधी मिळतो त्यातच, पुढची दहा-पंधरा वर्षे कर्नलमधील तो कोपरा सांभाळणाऱ्या दोन-चार माणसांचे वेतन स्वतंत्र शीर्षाखाली धरले पाहिजे. ते प्रकल्पाच्या मुदतीबरोबर संपणारे नसावे. प्रबंध पूर्ण करून निघून जाणाऱ्या विद्यार्थ्यावर तर ते सोपवलेच जाऊ नये. चिप घडवण्याच्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम किरकोळ ठरेल. मेंटेनर्स फाइलमध्ये भारतीय चिपेपुढे पगारी सांभाळाचा शेरा लागतो की अनाथाचा, हे त्या शीर्षावर ठरेल.